ठोका

मुंबई नाक्याजवळ तिसऱ्या मजल्यावर
पडदे ओढलेली खोली. दिवसाला बावीस छात्या.
आजची चौदावी : यशवंत केशव वडके, वय एकाहत्तर,
राहणार तांबट लेन.
सून दारातूनच ओरडली,
"त्यांना ऐकू येत नाही हो, काय ते हाताने सांगा."

हाताने काय सांगणार मी?
माझं कामच तोंडी.
डाव्या कुशीवर वळा. हात डोक्याखाली.
श्वास सोडा, धरा, धरून ठेवा, घ्या.
नऊ वर्षं हेच.

गार जेल लागलं तसे ते हसले, लहान मुलासारखे.
पहिला श्वास हुकला. दुसराही.
फुप्फुस मध्ये आलं आणि पडद्यावर नुसतं धुकं,
पौषात पहाटे गंगेवर असतं तसं.
मग मी त्यांच्या खांद्यावर बोटाने एकदा ठोकलं : धरा.
दोनदा : सोडा.

लगेच कळलं.
"आमच्यात असंच," ते म्हणाले, उगाच मोठ्याने,
"सहा जण बंब बडवतायत, कोण कुणाचं ऐकणार?
पोराच्या पाठीवर एक ठोका म्हणजे फिरव.
दोन म्हणजे थांब."

धुकं हटलं. चार कप्पे. झडपांची उघडझाप.
डाव्या कप्प्याची कड मी आखत गेले,
भरलेला असताना एकदा, आवळलेला असताना एकदा.
शंभर भरलं तर बाहेर पडतं अडतीस.
मग मशीन स्नायूवरचे ठिपके धरतं
आणि बघतं, दर ठोक्याला कुठला किती आखडतो.
हा आकडा उणे येतो.
उणे वीस चांगला. यांचा उणे दहा.
जास्त उणं ते बरं, हे नव्या मुलींना सांगताना
मी अजून अडखळते.

शेवटी सतरा तुकड्यांचा गोल उमटतो :
लाल, गुलाबी, एका अंगाला निळा.
त्यांनी मान वळवून पाहिलं,
गिऱ्हाईक नव्हे, कारागीर पाहतो तसं.
"तळ ना हा? आतून पाहिलेला?"
मी मान हलवली. टोक मधोमध, काठ बाहेर, बरोबर होतं.
निळ्यावर बोट ठेवून म्हणाले,
"इथं मठार बसला नाही.
बडवून बडवून तांबं कडक होतं, बाई.
मग भट्टीत ताव द्यायचा, मऊ करायचं, परत घेऊन बसायचं.
याला ताव देता येतो का?"

याचं उत्तर
एका ठोक्यात नव्हतं, दोनातही नव्हतं.
मी डॉक्टरांच्या खोलीकडे हात केला.

सवयीने डॉपलरचा आवाज सुरू केला,
रक्ताची सपसप खोलीभर झाली,
आणि मग आठवलं, कुणासाठी?
बंद केला.
पण ज्या आवाजाने मी नऊ वर्षं बघते आहे
तो तरी मी कधी ऐकलाय?
कानापलीकडचा. आत जातो, भिंतीला लागतो,
परत येतो तेव्हा चित्र झालेला असतो.
फरक एवढाच की त्यांचे कान
घंगाळांनी, हंड्यांनी, पन्नास वर्षांनी नेले,
आणि माझे मुळातच तेवढे नाहीत.

छाती पुसून दिली. शर्टाची बटणं लावता लावता
त्यांनी तळवा पलंगावर टेकवला, तसाच ठेवला.
"मागचा पाय ढिला आहे. पडल्या पडल्याच बरगडीला कळलं."

सहा महिने माझी चित्रं किंचित थरथरत होती
आणि मी माणसांच्या श्वासांना बोल लावत होते.

पेचकस नव्हता. खिशातून रुपया काढून
ते उकिडवे बसले, स्क्रूच्या खाचेत नाणं घातलं.
अडतीस टक्के. कपाळावर घाम, धाप.
मी खांद्यावर दोनदा ठोकलं,
त्यांच्याच भाषेत.

थांबले नाहीत.

दाराबाहेर पंधरावी पेशंट चपला काढत होती.